केटोला विचारत आलेला माणूस

२२ सप्टेंबर १८५०, रविवार. बॉस्टन

चर्चमध्ये आज प्रवचन झालंच नाही. पाद्रीबाबांनी वर्तमानपत्र उघडलं आणि नवा कायदा वाचून दाखवला. दक्षिणेतून पळून आलेला गुलाम कुठेही सापडो, दहा वर्षांनी का असेना, मालकाने माणूस पाठवला की धरून न्यायचा. पकडलेल्याला स्वतःच्या बाजूने तोंड उघडायची मुभा नाही. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पकडायला मदत करायची. त्याला लपवलंत तर तुरुंग!

खरं सांगते, मी निवांत होते. आम्ही काळे खरे, पण मी याच टेकडीवर स्वतंत्र जन्मले, माझी आईही. माझा नवरा इलाम न्यू बेडफर्डचा, स्वतंत्र आईबापांचा. आमची डॉर्कस सात वर्षांची. गुलाम हा शब्द तिने फक्त प्रार्थनेत ऐकलाय.

घरी आल्यावर इलामने कोट काढला नाही.

"केझाया, दार लाव."

लावलं.

"मी न्यू बेडफर्डचा नाही."

२३ सप्टेंबर

व्हर्जिनिया. तंबाखूचा मळा. बारा वर्षांपूर्वी पळाला. खरं नाव केटो. खांद्यावरचा डाग गलबतावर डांबर सांडून झाला म्हणायचा. डांबर नव्हतं ते. डागणी होती.

नऊ वर्षं संसार केला. नऊ हिवाळे त्या डागाला तेल चोळलं मी!

चिडले. भांडी आपटली. "मला सांगावंसं वाटलं नाही?" तर म्हणतो, "तुला ठाऊकच नसेल, तर तुझ्या तोंडून निसटेल कसं?"

बरोबर आहे त्याचं. म्हणून आणखीच राग आला.

२८ सप्टेंबर

गल्ली ओस पडत चालली. समोरचा न्हावी गेला. दुकानात साबणाचा फेस तसाच वाळलेला. कोपऱ्यावरची पाच माणसं एका दिवसात कॅनडाला. गिऱ्हाइकांच्या धुवून, खळ घालून ठेवलेल्या सहा कॉलर माझ्याकडे पडून आहेत, न्यायला कोणी नाही.

इलामला म्हटलं, आपणही जाऊ. तो जहाजांची शिडं शिवतो, कुठल्याही बंदरात त्याच्या हाताला काम आहे. पण नाही! "एकदा पळालो. तेव्हा मी एकटा होतो, पायात वहाण नव्हती. आता माझं घर आहे. पुन्हा नाही पळायचा."

मी मात्र जिन्यावर पाऊल वाजलं की उठून दाराची कडी तपासते.

३ ऑक्टोबर

डॉर्कसला शिकवलं. बाबा कुठे असतात? — माहीत नाही. बाबांचं नाव काय? — बाबा. पाच वेळा घोकून घेतलं. सहाव्यांदा म्हणाली, "आई, बाबांनी चोरी केली का?"

काय सांगणार? स्वतःलाच चोरून आणलंय त्याने, कायद्याच्या हिशोबाने.

९ ऑक्टोबर

आला! माणूस आला!

खालच्या मजल्यावरच्या फिलिस मावशी धक्क्यावर मासे घ्यायला गेल्या होत्या. धापा टाकत वर आल्या. चांगल्या कपड्यांतला एक गोरा, बोलणं दक्षिणेकडचं, प्रत्येकाला विचारतोय, केटो नावाचा माणूस, खांद्यावर डाग, कोणी पाहिलाय का?

केटो! हे नाव इथे कोणाला माहीत? मला आणि मळ्यावरच्यांना.

मावशी म्हणाल्या, "वर म्हणतो कसा, तो आमच्या घरचा माणूस आहे! घरचा! ते लोक बैलालाही घरचाच म्हणतात, पोरी."

इलामला निरोप पाठवला. तो परस्पर चर्चच्या तळघरात गेला. आता नाही म्हणाला, "पळणार नाही" वगैरे.

१० ऑक्टोबर

चुलीवर मोठं पातेलं सतत उकळत ठेवलंय. पाण्यात कपडे धुण्याचा खार. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी ठेवलंय. मावशी म्हणतात, तोंडावर नेम धर, छातीवर कोट असतो.

जमेल मला? माहीत नाही. काल कोंबडी कापायलासुद्धा मावशींना हाक मारली.

१२ ऑक्टोबर

भाकरी घेऊन तळघरात गेले. ओलं, अंधारं. इलामने माझा हात सोडला नाही. इतका मोठा माणूस, आणि बोटं थंडगार. म्हणाला, "धक्क्यावरच्या कोणाला तरी माझ्या खांद्यावरचा डाग आठवेल. आज ना उद्या तो जिना चढून वर येईल. तू एकटी असशील."

"पातेलं आहे."

हसला. फार दिवसांनी हसला.

१५ ऑक्टोबर, दुपार

आधी दाराला पेटी लावली, मग लिहायला बसले.

तो येऊन गेला.

दार वाजलं. वाटलं मावशी. उघडलं, तर तो. चाळिशीचा, उंच, टोपी हातात. मागे शिपाई नाही, कोणी नाही. पातेलं दोन हातांवर होतं. डॉर्कसला मी पाठीशी घेतलं.

"बाई, मला केटोला भेटायचंय. डागाचं ऐकून एका जुन्या खलाशाने हे घर दाखवलं."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, आधी ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगते! "तो गेला. गेल्या उन्हाळ्यात. कॉलऱ्याने."

त्याने टोपी छातीशी धरली. मग म्हणाला, "फार त्रास झाला का त्याला?"

हा कसला प्रश्न? क्षणभर मी गोंधळले. मग वाटलं, डाव आहे. मला बोलतं करतोय.

"एका दिवसात आटोपलं," म्हटलं.

"मी त्याचा..." असं काहीतरी सुरू केलं त्याने.

"मला काही सांगू नका!" ओरडले मी. "मेलेल्या माणसाला तरी सोडा!" आणि दार आपटलं.

फटीतून पाहिलं. तो खालच्या पायरीवर बसला होता, टोपी गुडघ्यावर. किती वेळ! शिकार हुकली म्हणून असं बसतात? डॉर्कस कुजबुजली, "आई, तो माणूस रडतोय." मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

१६ ऑक्टोबर

सुटलो वाटलं होतं. कसलं काय! मावशींनी बातमी आणली, तो आमच्या दफनभूमीच्या राखणदाराकडे गेला होता. कॉलऱ्यातली थडगी कुठली, केटोचं कुठलं, दाखवा म्हणून.

म्हणजे पुरावा हवाय त्याला. थडगं सापडणार नाही, आणि मग तो परत येईल, या वेळी शिपाई घेऊन.

इलामला सांगितलं. त्याने हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाला, "कॅप्टन टोबिनला विचार."

१८ ऑक्टोबर

टोबिन उत्तरेला, इंग्रज राणीच्या मुलखातल्या हॅलिफॅक्सचा. कोळशाचं गलबत. त्याची शिडं इलामनेच शिवलीत. "या माणसाच्या टाक्यांवर मी तीन वादळं काढली," म्हणाला, "शिडांच्या कोठीत जागा आहे." उद्या सकाळी, भरती आली की.

काय न्यायचं? इस्त्र्या दोन. रजई. आईचं बायबल. इतकंच.

मावशींनी मला मिठी मारली नाही. "जा लवकर, मला रडू आवरत नाही," म्हणाल्या आणि पातेल्याखालचा विस्तव विझवायला लागल्या.

१९ ऑक्टोबर

शिडांखाली. डॉर्कस माझ्या मांडीवर. वर बुटांचे आवाज. बंदराचे अधिकारी, की तो? एक जण म्हणाला, "कोठीत काय?" टोबिन म्हणाला, "ओली शिडं आणि उंदीर. हवे तर न्या दोन्ही."

हसण्याचा आवाज. मग नांगराच्या साखळीचा.

श्वास कधी सोडला, आठवत नाही.

२५ ऑक्टोबर. हॅलिफॅक्स

राणीचं राज्य. इथे तो कायदा नाही. तरी रस्त्यात कोणी मागून चाललं की इलाम बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ देतो. काल एका शीडवाल्याने त्याला ठेवून घेतलं. नाव विचारलं, तर सांगण्याआधी त्याने मागे वळून पाहिलं.

पाऊस, धुकं. पातेलं अजूनही उकळत ठेवते. सवय.

३ नोव्हेंबर

स्वप्न पडलं. तो पायरीवर बसलाय आणि उठतच नाही.

१४ नोव्हेंबर

टोबिनने मावशींचं पत्र आणून दिलं. पाद्रीबाबांकडून लिहून घेतलेलं.

केटोला विचारत आलेला तो माणूस गोरा नव्हता. इलामच्या आईचा थोरला मुलगा तो. मालकापासून झालेला, म्हणून रंग तसा. मालकाने मरताना त्याला मोकळं केलं. त्याने राबून आईला सोडवलं आणि तिला घेऊन धाकट्याला शोधत बॉस्टनला आला. आमच्या जिन्यावरून तो उठला, खानावळीत गेला आणि म्हातारीला सांगितलं, केटो गेला.

ती पांढऱ्या केसांची बाई चर्चमध्ये मुलाच्या नावाने रडायला आली, तेव्हा कुठे मावशींना उलगडलं. तोवर नऊ दिवस झाले होते. नऊ दिवस तिने अन्न घेतलं नव्हतं.

"आता सगळं सांगितलंय तिला," मावशी लिहितात. "उठून बसली आहे. पेजेची वाटी संपवली, आणि मग विचारते, माझी सून दिसायला कशी आहे?"

इलाम अजून कामावरून यायचा आहे.