हरकत

४ जानेवारी

संघ पुन्हा हरला. अक्का रेडिओवर ओरडली — "अरे गाढवा, समोर गोल मोकळा आणि तू आभाळात मारतोस!" इतकं ओरडली की धाप लागली. हाताला धरून समोर दवाखान्यात नेलं. वाफ लावल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, त्या संघाचा नाद सोडा, निम्मा आजार जाईल." अक्का मास्कच्या आतून म्हणाली, "हरणाऱ्यांना सोडायचं असतं तर मी भावाकडे कशाला राहिले असते?"

नर्सबाई हसल्या. मीही हसलो. खरंच आहे ते.

दवाखाना म्हणजे गल्ली ओलांडायची तेवढीच. एरवी ती एकटीच जाते, भिंतीला हात लावत, म्हणून मला दुकानात शिलाई मशीनवर बसता येतं. घरात आम्ही दोघंच. ती विधवा, मी बिनलग्नाचा.

हात जोडले. देवा, तू ठेवशील तसं राहू, माझी हरकत नाही. अक्का आतून म्हणाली, "गिऱ्हाइकाला हरकत नाही, देवालाही हरकत नाही. तुझी हरकत आहे तरी कशाला?" ही सवय गावच्या शाळेतली. गुरुजी सांगायचे, मोठं माणूस बोललं की आधी 'हरकत नाही' म्हणावं, मग आपलं म्हणणं मांडावं. सवय लागली ती अर्धीच. आपलं म्हणणं मांडायचं राहून जातं.

९ जानेवारी

पेपरात मोठ्या अक्षरात — संघाच्या मालकाला नवं स्टेडियम हवं. नाहीतर तो संघ उचलून दुसऱ्या शहरात नेणार. आणि स्टेडियम बांधायचं महापालिकेच्या पैशातून!

दुपारी नगरसेवक दुकानात आले. गल्लीत त्यांना 'होईल-होईल' म्हणतात, कारण काहीही सांगा, उत्तर तेच. म्हणाले, "मास्टर, मोर्चा काढतोय. संघ वाचवायचा. झेंडे शिवायचे आहेत, पिवळ्यावर निळा तारा." मी म्हणालो, हरकत नाही.

अक्काला सांगितलं तर केवढी खूश! म्हणाली, "तारा उलटा शिवू नकोस म्हणजे झालं."

१२ जानेवारी

दिवसभर पिवळं. डोळे मिटले तरी पिवळं.

१७ जानेवारी

पोस्टमास्तर नकाशा घेऊन आले. निवृत्त झाले तरी गल्ली त्यांना पोस्टमास्तरच म्हणते. जुन्या मैदानाला लागून आपली गल्ली. स्टेडियम पसरणार, त्यात दवाखान्याच्या जागी गाड्या लावायची सोय. दवाखान्याची नवी इमारत व्हायची होती, तिचा निधीही तिकडेच वळवला. 'वळवला'! जसा नळ वळवावा.

होईल-होईलना गाठलं. म्हणाले, "दवाखाना जात नाहीये हो, तात्पुरता हलतोय."

"कुठे?"

"होईल, होईल."

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "संघ मालकाचा, तिकिटं मालकाची, कप मालकाच्या दिवाणखान्यात. आणि खर्चाच्या वेळी मात्र संघ आपला!"

अर्धे झेंडे शिवून झाले होते. उरलेलेही शिवले. घेतलेलं काम मधेच टाकू नये, असं मनाला सांगितलं. मनानं ऐकल्यासारखं केलं.

२३ जानेवारी

विरोधी पक्षाची सभा. हे तरी बोलतील म्हणून आम्ही पुढच्या रांगेत बसलो. त्यांचे नेते गरजले — हा अन्याय आहे, आम्ही सहन करणार नाही! पोस्टमास्तरांनी माझा हात दाबला. मग कळलं, अन्याय कसला तर स्टेडियमला त्यांच्या थोरल्या साहेबांचं नाव देत नाहीत. भांडण नावाचं. स्टेडियम सगळ्यांनाच हवं.

मोर्चाही आज होता. माझे झेंडे आमच्याच गल्लीतून गेले. शिवण चांगली बसली होती, एकही उसवला नाही.

२ फेब्रुवारी

सुनावणी ठरली. महापालिका लोकांच्या हरकती ऐकून घेणार. गल्लीनं एकच अर्ज केला आणि बोलायला मला निवडलं. मला! मी म्हणालो, पोस्टमास्तरांनी बोलावं. ते म्हणाले, "मी बोलायला लागलो की तापतो, साहेब लोकांना बाहेर काढायला निमित्त मिळतं. तुम्ही थंड डोक्याचे." नर्सबाईही म्हणाल्या, "दादा, तुमच्यावर कुणाला चिडताच येत नाही."

काय बोलायचं ते अक्कानं पाठ करून घेतलं. खाटेवर बसून ती साहेब झाली. "हं, बोला, काय हरकत आहे तुमची?" मी सुरू करायचो आणि ती मधेच, "मोठ्यानं! इथे गोलकीपरलासुद्धा ऐकू येत नाहीये!"

८ फेब्रुवारी

कसं लिहू.

सभागृह थंडगार. साहेब वर, बाजूला टंकलेखक. आमच्या गल्लीचं नाव पुकारलं. मी उठलो, माइकपाशी गेलो, हात जोडले. साहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले, "काका, जरा पलीकडच्या वॉर्डाचं आधी घेतो. त्यांना लांब जायचंय. चालेल ना?"

मी म्हणालो, "हरकत नाही."

माइक चालू होता. माझा आवाज सबंध सभागृहात घुमला. इतका मोठा आवाज मी आयुष्यात काढला नसेल! टंकलेखकाची बोटं हलली. मी खाली बसलो. पलीकडचा वॉर्ड झाला, त्याच्या पलीकडचा झाला. मग साहेब उठले, सगळेच उठले. मी धावत पुढे गेलो, म्हणालो, साहेब, आमचं राहिलं.

"तुमचं झालं की. हरकत नाही म्हणालात ना?"

"ते... थांबायला हरकत नाही म्हणालो."

टंकलेखक म्हणाला, "कानावर आलं ते टंकलं."

साहेब हसले. वाईट नाही हसले, तेच जास्त लागलं. "काका, तुमच्यासारखे समजूतदार नागरिक असले की कामं सोपी होतात." पोस्टमास्तर मागून ओरडायला लागले. त्यांना बाहेर काढलं.

घरी आलो. अक्का दारातच उभी. "मोठ्यानं बोललास ना?"

हो म्हणालो. मोठ्यानंच बोललो.

९ फेब्रुवारी

तिला खरं सांगितलं. आधी तिला कळेना, मग ती हसायलाच लागली. हसता हसता धाप लागली, दवाखान्यात न्यावं लागलं. वाफ घेताना माझ्या हातावर थोपटत होती. "स्वतःच्याच गोलात!" म्हणाली. "कसला नेम आहे रे तुझा!"

१५ फेब्रुवारी

ठराव मंजूर, एकमतानं. होईल-होईलनी भाषणात सांगितलं म्हणे, "बाधित गल्लीनेसुद्धा मोठ्या मनाने हरकत नसल्याचे कळवले आहे."

गल्लीत कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. न्हावी आरशातून म्हणाला, "काय हरकत-नाही, मिशीला कात्री लावू का?" आता हेच माझं नाव.

पोस्टमास्तर येऊन बसले. म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तासभर बोलला असता तरी तेच झालं असतं. आधीच ठरलं होतं सगळं." हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. माझ्या चुकीनं गेलं म्हटलं तर निदान आमच्या हातात काहीतरी होतं म्हणायचं. तेही नाही.

३ मार्च

दवाखान्याला कुलूप. नर्सबाईंची बदली झाली. जाताना अक्काच्या गालाला हात लावून गेल्या. वाफेचं यंत्र मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे जायला दोन बस.

दुपारी दुकान बंद ठेवून अक्काला घेऊन गेलो. परत येताना म्हणाली, "आता सामने बिनआवाजाचे ऐकीन."

११ मार्च

खरंच तसं करते. गोल हुकला की फक्त उशी दाबते.

२० मार्च

स्टेडियमची पायाभरणी होती. आम्हाला ठाऊक नव्हतं. अक्काला सकाळपासून धाप. बसची वाट पाहण्यासारखी स्थिती नव्हती, रिक्षा केली. मैदानाच्या कोपऱ्यावर रस्ता दोरी बांधून अडवलेला. पलीकडे मांडव, बँड, पिवळे झेंडे. रिक्षावाल्यानं वळवायला पाहिलं तर मागे गाड्यांची रांग लागलेली.

मी उतरून पोलिसाकडे गेलो. तरुण होता, अदबीनं बोलला. "काका, पाहुण्यांच्या गाड्या जाऊ द्या, मग लगेच सोडतो. थांबता ना जरा?"

तोंडातून निघून गेलं.

तेच. तेच दोन शब्द.

मग भानावर आलो, ओरडलो, बहीण आत आहे, श्वास घेता येत नाहीये. पण बँड सुरू झाला होता. तो कानाला हात लावून "काय? काय?" करत होता. रिक्षात परत आलो. अक्का बाहेर बघत होती. एक माणूस झेंडा नाचवत होता. ती म्हणाली, "तारा उलटा."

मी पाहिलं. शिवण सरळच होती. त्यानं झेंडाच उलटा धरला होता.

त्यानंतर ती काही बोलली नाही.

२१ मार्च

काल रस्त्यातच गेली. दोरी सोडायच्या आधी.

२ एप्रिल

पोस्टमास्तर सकाळी पेपर घेऊन आले, उघडलाच नाही, हातातच धरून बसले. मग सांगितलं. संघ चालला. दुसऱ्या शहरानं याहून मोठं स्टेडियम देऊ केलंय. मालक म्हणतो, निर्णय जड अंतःकरणानं घेतला.

दवाखाना परवाच पाडला. तिथे नुसती मोकळी जागा आहे. गाड्यासुद्धा नाहीत.

होईल-होईल भेटले. म्हणाले, दुसरा संघ आणू. होईल.

३ एप्रिल

आज सामना होता. सवयीनं रेडिओ लावला. हरले. ओरडायला कुणी नाही.

५ एप्रिल

अक्का गेल्यापासून हात जोडले नव्हते. आज जोडले. नेहमीचं वाक्य ओठांवर आलं, तिथेच धरलं. मग मोठ्यानं म्हणालो, गोलकीपरलासुद्धा ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं —

देवा, माझी हरकत आहे. लिहून घे.