आईच्या नावावरचे सहा फोन

४ फेब्रुवारी

आईचा फोन अजून चालू आहे. दादा म्हणतो, बंद करू नकोस, तिच्यामुळेच आपले सगळ्यांचे चाललेत.

खरं आहे ते. योजनेचं नावच ‘ज्येष्ठ कुटुंब’. प्रमुख सत्तरीच्या पुढचा असला की घरातल्या बाकीच्या फोनांचं बिल निम्मं. आई प्रमुख. तिच्याखाली दादा, वहिनी, धाकटी बहीण, मेहुणे आणि मी. आईला जाऊन दीड महिना झाला. कंपनीला कुणी कळवलेलं नाही. कंपनीच्या लेखी ती ठणठणीत आहे.

६ फेब्रुवारी

दिवसभर कारखान्यात चष्म्याच्या काचा घासल्या. बरं वाटलं. काचा काही विचारत नाहीत.

संध्याकाळी दादाकडे गेलो, तर मेहुणेही आलेले. त्यांनी दुसऱ्या कंपनीची अशीच योजना शोधून काढलीय, आणखी स्वस्त. नंबर आहेत तेच राहणार, कंपनी तेवढी बदलायची. अट एकच — सगळं कुटुंब एकदम जायला हवं, आणि प्रमुखाची संमती हवी.

“म्हणजे आईंची,” मेहुणे म्हणाले.

“त्या तर नाहीत,” वहिनी म्हणाल्या.

“हो, तेवढंच अडतंय.”

८ फेब्रुवारी

मेहुण्यांनी चौकशी केली आणि जुन्या कंपनीला वास लागला. सकाळीच आईच्या फोनवर फोन. मी उचलला. बाई फार गोड बोलत होत्या. “आजी आम्हाला सोडून चालल्यात असं कळलं. आमचं काही चुकलं का?”

म्हटलं, तसं काही नाही.

“मग थांबायला सांगा ना त्यांना.”

म्हटलं, ऐकलं असतं तर सांगितलं असतं.

दुपारी संदेश आला. आई थांबली तर तीन महिने गाणी फुकट.

९ फेब्रुवारी

पुन्हा दादाकडे बैठक. ठरलं असं की आईच्या जागी मावशीने बोलायचं. दोघी बहिणींचा आवाज एकच. आई फक्त जरा कमी ओरडायची.

वहिनी म्हणाल्या, “मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच.”

दादा म्हणाला, “लोणी कसलं? बिल आहे ते.”

“आईंना उलट आवडलंच असतं,” मेहुणे म्हणाले. “त्या तर पाकिटं उलटी करून पुन्हा वापरायच्या.”

मग मला विचारलं. मी म्हणालो, “बघा.” तो होकार धरला गेला. माझ्या ‘बघा’चं नेहमी असंच होतं.

११ फेब्रुवारी

आईची कागदपत्रं आमच्याकडे, म्हणून सगळे इथेच जमले. मावशीने घसा खाकरून आवाज लावून बघितला. मी स्वयंपाकघरात होतो. बाहेरून आवाज आला, “अरे, चहा होतोय का आज?”

मी म्हणालो, “आणतो गं आई.”

मला चहा गाळायला उगाच वेळ लागला.

मग जुन्या कंपनीला फोन. दादाने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. पलीकडे एक तरुण मुलगा होता, समजूतदार वाटला. जन्मतारीख विचारली तर मावशीने स्वतःची सांगितली. लगेच सावरून म्हणाली, “ही माझ्या धाकट्या बहिणीची झाली. वय झालं रे बाबा.” मग आईची सांगितली. तो हसला. म्हणाला, “आता फक्त तुमचा सुरक्षा प्रश्न. तुम्ही स्वतःच लिहून दिलाय.”

“विचार की.”

“माझं सर्वांत लाडकं मूल कोणतं?”

मावशीने फोनवर हात ठेवला. “अरे, लाडकं कोण रे?”

कुणी कुणाकडे बघेना. शेवटी दादाने चष्मा पुसला आणि खाली बघत म्हणाला, “माझं नाव सांग. थोरला आहे मी.”

मावशीने सांगितलं.

“चुकलं, आजी.”

दादाचा चेहरा मी बराच वेळ बघितला नाही.

“घाई नाही,” तो मुलगा म्हणाला, “नीट आठवा.”

धाकटी पुढे सरकली. “माझं सांग मावशी. ती महिना महिना माझ्याकडे राहायची.”

तेही चुकलं. आता एकच प्रयत्न उरला, चुकला तर योजनाच बंद, आणि तोही फोनवर चालणार नाही. खातेदाराने, नाहीतर खात्यावर दुसरं नाव असलेल्या माणसाने, ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात यायचं. “काळजी घ्या आजी,” असं म्हणून त्याने फोन ठेवला.

दादा गॅलरीत जाऊन उभा राहिला. धाकटी रडायला लागली. मेहुणे म्हणाले, तांत्रिक चूक असेल. मावशीने सगळ्यांचे उरलेले कप गोळा केले आणि म्हणाली, “माझी बहीण हुशार. कुलूप असं घातलं की घरचे चोर एकमेकांना किल्लीसुद्धा मागू शकणार नाहीत.”

१२ फेब्रुवारी

खात्यावरचं दुसरं नाव माझं आहे.

दादाचा फोन आला. “आता तूच, मधल्या. दुसरा उरलाय कोण?”

दोन वजा केले, उरला एक! आईची माया अशी वजाबाकीने मिळते हे मला माहीत नव्हतं.

१३ फेब्रुवारी

काच तडकवली. वीस वर्षांत पहिली.

१५ फेब्रुवारी

झोप नीट येत नाही. लिहूनच टाकतो.

चुकलं तर बिल वाढेल. त्याचं मला काही नाही. पण दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहिला, धाकटी लग्न करून गेली, आणि मी आईपाशी राहिलो. कुणी सांगितलं म्हणून नाही. राहिलो, एवढंच. दादा यायचा म्हटलं की ती सकाळपासून साडी बदलून बसायची. धाकटी आली की दोघींच्या गप्पा संपायच्या नाहीत. माझ्याशी बोलणं म्हणजे पंखा कमी कर, खिडकी लाव, चप्पल आडवी का टाकलीस. मला नावाने हाकही मारायची नाही. ‘अरे’ म्हणायची.

आज मी असं धरून चालू शकतो की असेन. किंवा नसेन. दोन्हींत मला राहता येतं. दुकानात एकदा विचारल्यावर राहता येणार नाही. माझंही चुकलं, तर इतकी वर्षं या घरात मी काय होतो? भाडेकरू?

१६ फेब्रुवारी

आईच्या फोनवर संदेश: ‘प्रिय आजी, आपण बोलत नाही म्हणून चैन पडत नाही. आपलाच परिवार.’

कंपनीचा होता. तरी मी तो दोनदा वाचला.

१८ फेब्रुवारी

मेहुणे कारखान्याच्या फाटकाशी भेटायला आले. नव्या कंपनीची सवलत महिनाअखेर संपतेय. “तुमच्या एका शब्दावर सहा फोन अडलेत,” म्हणाले. मग हळूच, “ही रोज रडते हो. एकदाचं कळू दे.”

म्हणजे धाकटीलाही बिलाचं पडलेलं नाही.

रात्री वहिनींचा फोन. “भावोजी, जाऊ नका. तुमच्या दादांना तुमचं नाव निघालेलं सोसायचं नाही. तोंडाने म्हणतात, तोच असणार. आणि जेवत नाहीत.”

मी म्हणालो, “बघतो.”

२० फेब्रुवारी

अर्धी सुट्टी टाकून जाऊन आलो. आईचं आणि माझं ओळखपत्र शर्टाच्या खिशात. दुकानात रांग होती. पुढचा माणूस फोन पाण्यात पडला म्हणून दुकानदाराशी भांडत होता, जसं काही पाणी त्यानेच ओतलं.

बाहेर येऊन फुटपाथवरून दादाला फोन केला. म्हटलं, माझंही चुकलं.

त्याने ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाला, “तुझंही?” आणि हसायला लागला. लहानपणी तो असा हसायचा, गणितात आम्ही दोघे एकदम नापास झालो तेव्हा. मलाही हसू आलं. “घरी ये,” म्हणाला, “आत्ता ये.”

गेलो. धाकटीही मुलांना घेऊन आली. माझ्या पाठीत गुद्दा घालून म्हणाली, “तुझंही नाही? मग होतं तरी कोण रे लाडकं?” मावशी म्हणाली, “मीच असणार, तेव्हाच माझं नाव सांगायला हवं होतं.” मेहुण्यांचा संशय स्वतःवरच होता, आईंनी मला एकदा स्वेटर विणला होता, म्हणाले. दादा दोनदा वाढून घेऊन जेवला. वहिनी माझ्याकडे एकदाच बघून आत गेल्या.

आई गेल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. आता ज्याने त्याने आपापली योजना बघायची असं ठरलं. महाग पडेल. मेहुण्यांनीसुद्धा मान डोलावली.

२१ फेब्रुवारी

वहीशी तरी खोटं कशाला. चुकलं नव्हतं.

काउंटरवरच्या मुलीने माझं नाव टाकलं, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, “बरोबर आहे काका. आता पुढे काय करू?”

म्हटलं, “बंद करा. आई वारली.”