एक पाती जास्त

झिंदेर, ४ मार्च

ती. देलूआत्यास तलातूचा सलाम वि. वि.

तुमच्या गावच्या मेंदूज्वराच्या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात मला इथल्या प्रयोगशाळेत जंतू सापडला. त्याची जात ओळखून मी राजधानीला कळवली. ज्या जातीचा जंतू, त्याच जातीची लस येते. पण नमुने नेणारी गाडी तीन आठवडे फिरकली नाही. जंतू जगावा म्हणून मी तो एका ताटलीतून दुसरीत वाढवत राहिले आणि शेवटची ताटली पाठवली. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख माझूसाहेब, त्यांच्या परीक्षेत त्याने आपल्या जातीची ओळखच दिली नाही. साहेब म्हणतात, पोरीने नमुने कालवले. वीस तारखेपर्यंत खुलासा दिला नाही, तर लस दुसऱ्या जिल्ह्याला जाईल. रागाने घास उतरत नाही.

तुझ्या मायेची भुकेली,
तलातू

गरिन कुका, ८ मार्च

चि. तलातूस अनेक आशीर्वाद.

काल याच तापात आपल्या सूनबाईची, लादीची, मान ताठली. दवाखान्यात आहे, आज पाणी मागितलं. तू आधी जेव. उपाशीपोटी भांडण जमत नाही.

जंतूचं मला काय कळणार? चटईचं कळतं. रंगीत ताडपाती विणताना माझा हात चुकत नाही, पण एकाच रंगाच्या पात्या ओळीने आल्या की एखादी जास्त पडते आणि पुढची सगळी नक्षी बिघडते. गिऱ्हाईक म्हणतं, ही देलूची चटईच नव्हे. विणलेली मीच असते. मग मी पहिल्या टोकापासून मोजते. तूही मोज, आणि त्या साहेबाला म्हणावं, आमच्या घरात कोणी काही कालवत नाही.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.
तुझी आत्या

झिंदेर, १९ मार्च

ती. आत्यास सलाम.

जिंकलो! पहिल्या दिवशी गोठवून ठेवलेली कुपी काढली. तिने लगेच ओळख दिली. मग कुपीतल्या आणि ताटलीतल्या, दोन्ही जंतूंच्या जनुकांची अक्षरं यंत्रावर वाचून घेतली. जंतूच्या अंगरख्याच्या, म्हणजे बाहेरच्या आवरणाच्या, कृतीत एकच अक्षर ओळीने सात वेळा येतं. शेवटच्या ताटलीत आठ निघाली. एका अक्षराने पुढची कृती बिघडली आणि जंतू उघडा पडला; परीक्षेत जात ओळखतात ती त्या अंगरख्यावरूनच. माणसाच्या रक्तात असा उघडा जंतू टिकत नाही, माझ्या ताटलीत मात्र खाऊनपिऊन सुखी होता. बाकी सगळं जुळतं, जंतू तोच. चूक माझी एवढीच, की पहिली कुपी सोडून शेवटची ताटली पाठवली.

माझूसाहेबांनी स्वतः फोन करून माफी मागितली. मी त्यांना चटईची गोष्ट सांगितली. ते हसले आणि त्यांनी लगेच लसीच्या कागदावर सही केली. लादी घरी आल्याचं कळलं, तेव्हा मी प्रयोगशाळेतच रडले.

सोमवारी लस घेऊन मीच येतेय. ती तिशीच्या आतल्यांनाच आहे, तेव्हा वय चोरून रांगेत घुसू नकोस. तू दारोदार हाक दे. गावातलं एकही पोर घरी राहता कामा नये.

तुझीच,
तलातू