आईच्या दाराला फासा नको

मी, कोंडाबाई बिराप्पा देवकते, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर, राहणार तामलवाडी, ता. तुळजापूर, जि. धाराशिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. तिसरीपर्यंत शिकले. अक्षर वाकडं आहे, डोकं ठिकाणावर आहे. कुणी दम दिलेला नाही, देऊन बघावं.

१. माझ्या नावचं शेत आणि मेंढरं मुलगा वैजनाथ यास. मेंढरं तरी त्याचं ऐकतात.

२. राहतं घर मुलगी मथुरा हिला. तिनं परजातीत लग्न केलं, तेव्हा आमचे मालक आणि चुलतदीर महालिंगप्पा यांनी जित्या पोरीच्या नावानं मडकं फोडलं आणि घरादाराला सुतकाची अंघोळ घालायला लावली. मी डोक्यावरून पाणी घेतलं नाही. तेव्हा माझ्यापुरती ती मेलेली नाही, वारस आहे. वैजनाथनं कोर्टात जाऊ नये, तोंडावर पडेल.

३. महालिंगप्पानं माझ्या तिरडीला हात लावू नये. मडकी फोडायची हौस त्यानं स्वतःच्या घरी भागवावी.

४. वैजनाथची मुलगी समृद्धी पुण्यात खेळ तयार करते. टेबलाभोवती बसायचं, चिठ्ठीत येईल तो माणूस व्हायचं, त्याच्या तोंडानं बोलायचं, अडलं तिथं फासा टाकायचा. लहान पोरांचे खेळ न्हायत ते. दिवाळीत तिनं नवा खेळ आणला: जित्या लेकीचं सुतक पाळलेलं घर. आमचंच की! मला लेकीची चिठ्ठी आली, वैजनाथला आईची. सोसवलं नाही तर टेबलाच्या मधोमध ठेवलेलं लाल पान उलटं करायचं, खेळ थांबतो, कारण कुणी विचारायचं नाही. मी म्हणाले, "आये, दार उघड. भूक लागलीया." वैजनाथनं लगेच पान उलटलं आणि मेंढरांकडं गेला. त्याला यावरून कुणी हसू नये.

मग समृद्धी आई झाली. म्हणे, "आजी, चारच्या वर पडला तरच दार उघडतं."

"आईच्या दाराला फासा? कुणाचं डोकं गं हे?"

"उघडलं तर खेळ संपंल की."

"संपतोय कशाचा! दोघी समोरासमोर बसल्यावर पहिलं कोण बोलणार? तिथं टाक तुझा फासा."

ती अजून वाद घालते. तर आमच्या घराचा खेळ छापायला माझी परवानगी आहे, दाराचा फासा काढला तरच. लाल पान मात्र राहू द्यावं.

५. खेळात लेकीच्या तोंडचं मी बोलले, पण आवाज माझाच निघाला. मथुरेचा आवाज कसा होता ते मला आता नीट आठवत नाही. समृद्धी तिला चोरून भेटते, हे मला ठाऊक आहे. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात, असं वकील म्हणाले. म्हणू देत. याची नक्कल समृद्धीनं उद्याच मथुरेच्या हातात द्यावी.

मथुरे, घर मी मेल्यावर घे. जेवायला त्याआधी ये.

सही: कोंडाबाई बिराप्पा देवकते

बाईंनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. उमाशंकर स्वामी, किराणा दुकानदार
२. रुद्रम्मा पाटील, शेजारीण

तामलवाडी, दि. ९ डिसेंबर २०२४