झेंडूचा दोरा

रविवार, संध्याकाळ. शेणवा.

आज ठरवूनच बसलो, गेम का अडकतो ते कळल्याशिवाय उठायचं नाही. मुरबाडच्या सुनीलदादाने त्याचं जुनं ग्राफिक्स कार्ड मला दिलं होतं. दसऱ्यानंतर गेम अडकायला लागला, तर मी त्यालाच फोनवर वाट्टेल ते बोललो. खराब माल गळ्यात मारलास म्हणालो. सख्ख्या मामेभावाला!

गेम चालू ठेवून आकडे बघितले. कार्ड निम्मं रिकामंच, आणि प्रोसेसर पंच्याण्णव डिग्री. म्हणजे तापून हळू होत होता तो, आणि कार्ड बिचारं त्याची वाट बघत बसलेलं.

आई म्हणाली, "नुसता बघत काय बसलास रे? उघड ना तो डबा."

उघडला. प्रोसेसरच्या पंख्याला हाराचा दोरा गुंडाळलेला, खाली झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. पंखा ठप्प. दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा मीच केली, वरच्या जाळीवर हार मीच घातला, आणि पार सुकला तरी काढला नाही.

दोरा कापला. पंखा फिरला, गेम सुसाट. पण खेळावंसं वाटेना.

उद्या पहिल्या एसटीने मुरबाड. फोनवर नाय, समोर जाऊन माफी मागणार. दोरा खिशात घातलाय. तोंडातून शब्द नाय फुटला तर तोच पुढे करीन.