क्रोशाचं पुस्तक वरून बांधलं

बुधवार, संध्याकाळ

कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याने माझ्या क्रोशाच्या पुस्तकाला स्पायरल लावलं, तेही वरच्या बाजूला! "अहो, हा काय दावा दाखल करायचाय?"
"मॅडम, आमच्याकडं समदं वरूनच बांधत्यात."
मूर्ख. या आखडलेल्या बोटांनी पुस्तक उघडं धरवत नाही, म्हणून तर हा खटाटोप. घरी येऊन रागाने खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवलं. आणि ते कॅलेंडरसारखं डोळ्यांसमोर उघडं राहिलं की! मागचं पान हवं तर नुसतं फिरवायचं. दोन्ही हात मोकळे. खिडकीबाहेर भिंगार गावावरचं ऊन मऊ होत गेलं, सुई आपोआप चालली, शाल मांडीवरून कधी ओघळली कळलंच नाही. किती महिन्यांनी असं...
आभार मानू त्याचे? छे! दुसरं पुस्तक मात्र त्याच्याकडेच टाकेन. कसं बांधायचं ते सांगणार नाही.