शनिवारच्या एसटीची पिशवी

कणकवली,
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

ती. गौरजाताईस,
विराजचा शि. सा. नमस्कार.

पिशवी पोचली. तांदूळ, कुळीथ, सोलं, तीन नारळ. धामापूरच्या घरात रेंज नाही, आणि कुणाची पिशवी रिकामी परत करायची नाही हे आयेने लहानपणीच डोक्यात घातलंय. माझ्याकडे भरायला काय आहे? म्हणून दर मंगळवारी पिशवीत हे पत्र.

हायवेलगतच्या सुपरमार्केटात माझं आठवड्याचं सामान नऊशेला जायचं, ते साडेचारशेवर आणलं! युक्ती सांगतो. पोटभर जेवून जायचं. डोळ्यासमोरच्या फळीवरचं घ्यायचं नाही, वाकून खालच्या फळीवरचं घ्यायचं. एकावर एक फुकटकडे बघायचंसुद्धा नाही. मागे फरशी पुसायच्या औषधाच्या चार बाटल्या आणल्या आणि खोलीवर आल्यावर आठवलं, आपल्याला फरशी कुठे आहे, कोबा आहे. तिथे रंगीत माशांची एक काचपेटीपण आहे. काल मीठ आणायला गेलो आणि तिच्यापुढे अर्धा तास उभा. मीठ राहिलंच.

मुख्य युक्ती म्हणजे आयेच्या पिशवीत येतं ते विकत घ्यायचं नाही. नारळ तिथे प्लास्टिकात गुंडाळून ठेवतात, इस्पितळातून आणल्यासारखे. मी हसून पुढे जातो.

ऑगस्टपासून सहा हजार साठले. आठ झाले की कोची. तिथे लाकडी होड्या बांधतात, ओळखीचा एक जण कामावर लावतो म्हणालाय. गॅरेजात आता पाय ठरत नाही. आयेला यातलं बोलू नकोस.

आणि नारळांवर निळ्या पेनाने ४० लिहिलंय, तिन्हींवर तेच. आये पाडप, म्हणजे माडावरून पाडलेले नारळ, मोजायला लागली काय? मग चाळीसच्या पुढे तिला येत नाही असं दिसतं.

लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवलास तर पिशवी जड होईल.
तुझा विराज

धामापूर,
शनिवार, ८ नोव्हेंबर

चि. विराज यास,
अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

आयेने सांगू नको म्हणून शपथ घातली होती. पण तू तिच्या मोजण्यावर हसलास, आता ऐक. चाळीस ही किंमत आहे. दुकानदार नारळावरच लिहितो, ती पुसायची मीच विसरले.

आपल्या माडांवर ह्या वर्षी काही नाही. वांदरांनी गणपतीच्या आधीच कोवळे नारळ पाडून संपवले. तेव्हापासून आये दर शनिवारी तीन नारळ विकत घेते आणि तुला घरचे म्हणून पाठवते. आमच्या आमटीत खोबरं नसतं. कुळथाची पिठी आणि सोलकढीऐवजी सोलांचं नुसतं पाणी, असं चाललंय. मी विचारलं तर म्हणते, खोबऱ्याने खोकला होतो. अख्ख्या मालवण तालुक्यात असा खोकला कुणाला झालेला मी ऐकला नाही.

तेव्हा तुझ्या युक्त्या छान आहेत, पण त्यातल्या मुख्य युक्तीचं बिल इथे फाटतं. कोचीचं मी बोलले नाही. पत्र तिला मीच वाचून दाखवते, तेवढा भाग गाळला.

राग मानू नकोस, आणि मानलास तरी जेवत जा.
तुझी ताई

कणकवली,
मंगळवार, ११ नोव्हेंबर

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र स्टँडवरच वाचलं. मग गॅरेज सोडून भलतीकडेच चालत गेलो, पार नदीच्या पुलापर्यंत, आणि कशाला आलो तेच कळेना.

तिचे तीनही नारळ परत पाठवतोय, वर सुपरमार्केटातला एक. अठ्ठेचाळीसला पडला, प्लास्टिक काढलंय. तिला म्हणावं, आमटीत घाल, खोकला झाला तर औषध मी देतो. आणि पिशवी आता बंद. तिच्या पैशाने गाठोडं बांधून तिच्याच घरापासून लांब जायचं, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. कंडक्टर हरिश्चंद्रमामांना सांगितलंय, येत्या शनिवारी एसटीत पिशवी घेऊ नका. ते नुसते हसले.

रागावली असशील तर अजून थोडी रागाव.
विराज

धामापूर,
शनिवार, १५ नोव्हेंबर

चि. विराज,
आशीर्वाद. आये सांगते तसंच उतरवते. शब्द बदललास तर बघ, असा दम आहे.

झिला, पिशयी बंद करू नको. तू सुरतेक कामाक आठ महिने होतंस, तेव्हा एक कागद इलो नाय. फोनासाठी डोंगरावरच्या सड्यार चढूक माझे गुडघे आयकनत नाय. पिशयी रिकामी धाडू नये, ह्या एकच माझा शिकवणा तुझ्या ध्यानात रवला. मगे मी म्हटलंय, पिशयीच धाडूया. नारळ घातल्यार आठ दिसांची खबर येता. ती खंयच्या दुकानात गावतली?

कोचीचा माका कळला. गौरजा वाचताना मधीच अडाकता, थंय काय लिवलला असता ता माका आवशीक समाजता. जाऊचा तर जा. पण पोरा, सुरतेसारखो जाव नको.

(आमटी केली. दोनदा वाढून घेतली. खोकला नाही. – ताई)

कणकवली स्टेशन,
शनिवार, २० डिसेंबर

ती. आयेस,
साष्टांग नमस्कार. ताईने अडखळत वाचू नये म्हणून मोठ्या अक्षरात लिहितोय.

पिशवी नुसती पत्रांपुरती चालू ठेवून महिनाभर सगळं विकत घेतलं. नारळ आठवड्याला एकच, अर्धा अर्धा करून. साठायला वेळ लागला. साठलेल्यातून ताईकडे नारळांचे पैसे देतोय, मोजू नकोस, घे. उरलेत त्यात जनरलचं तिकीट आणि पंधरा दिवसांचं जेवण होतं. खालच्या फळ्या कोचीतही असतीलच.

गाडी लेट आहे. समोर एक माणूस दोन कोंबड्या घेऊन बसलाय, त्या कुठे चालल्यात ते विचारायचं मनात आहे. पण आधी हे पुरं करतो.

हरिश्चंद्रमामा स्टेशनावर आलेत, आज त्यांच्या हाती नुसतं पत्र आणि पैशांचं पाकीट देतोय. त्यांनी पिशवी मागितली, मी दिली नाही. माझे कपडे तिच्यातच आहेत. पत्रं पोस्टाने येतील, दर मंगळवारी. पिशवी पोस्टाने येणार नाही. ती घेऊन मीच येईन, आणि रिकामी आणणार नाही.

तोवर आमटीत खोबरं घालत जा.
तुझो झील,
विराज